कान जायच्या आधी

आमच्या घरी वाचणं म्हणजे ओरडणं होतं. मनातल्या मनात वाचतात हे मला शाळेत गेल्यावर कळलं, आणि तेव्हाही ती मला लबाडीच वाटली. दुसऱ्याला ऐकूच गेलं नाही तर तू वाचलंस हे कशावरून? मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या वॉर्डात घरं इतकी खेटून होती की एका घरी मिरचीची फोडणी पडली की तिसऱ्या घरी शिंका यायच्या. त्या वस्तीत माझा आवाज चार घरं तरी जायचा. लोक मला ‘मेश्रामाचा रेडिओ’ म्हणायचे. रेडिओला निदान बटण असते, असं शेजारच्या काकू म्हणायच्या, आणि ते माझ्या तोंडावर म्हणायच्या.

बाबा उकव्याच्या मँगनीज खाणीत ड्रिल चालवायचे. आठवडाभर तिकडेच चार-पाच जणांत एक खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी बैहरकडच्या बसनं घरी यायचे. त्या दिवशी माय चिन्नोरचा भात घालायची. एरवी साधा जाडा तांदूळ. चिन्नोरचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा आणि लोकांना कळायचं की मेश्राम आले. लाखोळीचं वरण, सुक्या झिंग्याची चटणी, अंबाडी असली तर अंबाडी. बाबा आधी अंग घासून आंघोळ करायचे, तरी नखांतला आणि कानाच्या पाळीमागचा काळा थर राहायचाच. जेवण झालं की भिंतीला टेकून बसायचे, पाय लांब करायचे आणि म्हणायचे, “हं. कर चालू.” मग मी पुस्तक उघडायची. माय सूप मांडीवर घेऊन विड्यांसाठी तेंदूची पानं कापत असायची. कात्रीचा कच-कच आवाज माझ्या वाचण्याबरोबर चालायचा, आणि गोष्ट अवघड वळणावर आली की थांबायचा. कात्री थांबली की मी समजायची, आता जरा जीव ओतून वाचायला हवं.

बाबांना अक्षर येत नव्हतं. तरी दरवर्षी दसऱ्याला वॉर्डातल्या लोकांबरोबर ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि येताना पिशवीभर पुस्तकं आणायचे. निवडायची त्यांची रीत न्यारी होती. पुस्तक हातात घेऊन जड आहे का बघायचं आणि दुकानवाल्याला विचारायचं, “याच्यात मरते काय कोनी?” मरत असेल तर नको. दुकानवाला अर्थातच नाही म्हणायचा. आणि कोणी ना कोणी मरायचंच. मग बाबा माझ्यावर चिडायचे. “तू नीट वाचली नसशीन. माघारी घे, दोन पानं माघारी घे.” मी दोन पानं मागे जाऊन पुन्हा वाचायची. माणूस पुन्हा मरायचा. बाबा खाणीत रोज जमिनीखाली उतरणारे गृहस्थ, पण पुस्तकातलं मरण त्यांना खपायचं नाही.

मी कॉलेजात होते तेव्हा त्यांचं ‘जोरानं वाच’ सुरू झालं. आम्हाला वाटलं, वय झालं, हेका वाढला. माय म्हणाली, “खदानीतून येऊन राह्यले, कान भरले असतीन,” आणि लसणाचं कोमट तेल घालू लागली. मी आवाज चढवला. काकूंनी भिंतीवर थाप मारली. एका शनिवारी मी वाचत होते, गोष्टीतल्या बाईचं लेकरू तापानं फणफणलं होतं, मायची कात्री थांबली होती, आणि बाबा हसले. मोकळेपणी, मान हलवून हसले. मी वर पाहिलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, मग मायच्या तोंडाकडे, आणि अंदाजानं हसत होते. किती शनिवार ते असे अंदाजानं ऐकत होते कोणास ठाऊक. मी पुढचं पान तसंच वाचून टाकलं, पण काय वाचलं ते मला आठवत नाही.

गोंदियाला डॉक्टरकडे मी त्यांना घेऊन गेले. तेव्हा छोट्या लाइनीची, नॅरोगेजची गाडी होती. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. हळू बोलायची खरं तर काहीच गरज नव्हती. ड्रिलच्या आवाजानं आतली नसच मेली आहे, मशीन लावून उपयोग नाही, जे उरलंय तेही वर्षभरात जाईल. परतीच्या गाडीत बाबांनी विचारलं, “काय म्हनला डॉक्टर?” हळू सांगितलं तर ऐकू जाईना, मोठ्यानं सांगायचं तर डबा भरलेला. शेवटी ओरडूनच सांगितलं, “बाबा, कान जानार हायेत!” सगळा डबा आमच्याकडे वळला. नोकरीचं विचारतील, पैशाचं विचारतील असं मला वाटत होतं. ते म्हणाले, “मंग पुस्तकाचं कसं?”

मी म्हणाले, “तुमाले वाचाले शिकवतो ना मी. कान जायच्या आधी.”

“हौ,” म्हणाले. एवढंच. आणि मी, बी.ए. झालेली बावीस वर्षांची बया, मनात म्हणाले, त्यात काय, लहान पोरं शिकतात की.

ज्याला भोंगा ऐकू येत नाही त्याला खाणीत खाली उतरवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बाबा पत्र्याची पेटी घेऊन घरी आले. माझ्या कमाईची गरज आता उद्यावर टाकण्यासारखी नव्हती. गावात एक शाळा होती, कधीकाळी मराठी माणसांनी मराठी पोरांसाठी काढलेली, पण तोवर पुरती हिंदी झालेली. तिथे ग्रंथपालाची जागा रिकामी आहे असं कळलं. प्राचार्य तिवारी सर स्वभावानं वाईट नव्हते, फक्त घाईत असायचे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “मराठी पढ़ लेती हो?” मी हो म्हणाले. “तो ठीक है. मराठी की किताबें छाँटकर अलग कर दो, रद्दी में जाएँगी. गर्मी की छुट्टी के बाद इस कमरे में कंप्यूटर लगेंगे. आने वाला ज़माना उसी का है. मार्च तक की नौकरी समझो.” म्हणजे ग्रंथालय मोडायला ग्रंथपाल हवी होती. मी “जी सर” म्हणाले. त्या दिवशी त्यांनी छप्पर उतरवायला सांगितलं असतं तरी मी जी सर म्हणून शिडी शोधली असती.

त्या ग्रंथालयाची तऱ्हा सांगते. भिंतीला काचेची कपाटं, सगळ्यांना कुलपं, आणि किल्ल्यांचा एक जुडगा. आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गाचा ‘लाइब्रेरी पीरियड’. पोरं रांगेत यायची, हात पाठीमागे बांधून काचेतून पुस्तकांच्या पाठी बघत एक फेरी मारायची, मग सतरंजीवर बसून गुडघ्यांवर डोकी टेकायची. घंटा झाली की उठून जायची. माझ्या आधीच्या ग्रंथपालांचा मोठा लौकिक होता की त्यांच्या कारकिर्दीत एकही पुस्तक हरवलं नाही. हरवणार कसं? उघडलंच नव्हतं. मी हसते आहे, पण मीही सुरुवातीला तेच केलं. पुस्तक फाटलं, गेलं, तर माझी नोकरी जाईल या भीतीनं जुडगा मी पदराला बांधून फिरायची. किरनापूरकडची, लालबर्ऱ्याकडची पोरं रोज बसनं यायची, दमलेली असायची. काही तर गुडघ्यांवर डोकं टेकून खरंच झोपायची.

संध्याकाळी घरी पाटी. अ अननसाचा, क कमळाचा. आमच्याकडे अक्षर कानातून आत जातं. गुरुजी म्हणतात, वर्ग ओरडतो, ओरडून ओरडून बाराखडी अंगात मुरते. मी तशीच शिकले, माझे गुरुजीही तसेच शिकले असणार. दुसरी वाट असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि बाबा तरी सरळ कुठे बसतात? “आधी थोडकं वाच,” म्हणायचे. त्या वर्षी नागपूरहून आणलेली एक जाडजूड कादंबरी चालू होती, नदीकाठच्या दोन भावांची. मी म्हणायची, “बाबा, आधी अक्षरं.” ते म्हणायचे, “पाटी कुठी पळून चालली? आधी सांग, धाकल्यानं वावर सोडलं काय?” उरलेलं ऐकणं ते गोष्टीवर उधळत होते. मला ते दिसत होतं, आणि नाही म्हणवत नव्हतं.

मग पाटी घेतली की खरी मारामारी. काही अक्षरं त्यांच्या कानांना उरलीच नव्हती. म, ब, ग ऐकू यायचे. स, श, फ, ख यांच्या जागी नुसता वारा. मी कानाशी तोंड नेऊन “स! स! स!” करायची, ते “काय?” म्हणायचे. पलीकडून काकूंनी एकदा विचारलं, “काय वं सुजाता, साप निंगला काय घरात?” गल्लीतली पोरं हसली. बाबांनी ऐकलं नाही, पण माझं तोंड पाहिलं आणि काय झालं असेल ते ओळखलं. त्यांनी पाटी पालथी ठेवली आणि चपला घालून बाहेर गेले. माय म्हणाली, “राहू दे ना वं बाई. काहून छळून राह्यली त्याले?” मी मायवर ओरडले. तिच्यावर, बाबांवर, ड्रिलवर, त्या डॉक्टरवर, सगळ्यांवर मला इतका राग आला होता की पुढ्यातला भात मी तसाच टाकून उठले. थंडी पडली तोवर बाबांना कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती. वाचताना माझं तोंड त्यांच्या कानाला टेकलेलं असायचं. माझा घसा बसला. ते हात वर करून म्हणायचे, “बस कर. तुले तरास होऊन राह्यला.” मी चुलीशी जाऊन रडायची. मला स्पष्ट दिसत होतं की हे होणार नाही. अक्षरं येण्याआधी कान जाणार, आणि मग या माणसाला पुस्तकात शिरायला दार म्हणून उरणार नाही.

एका दुपारी बाबा माझा डबा घेऊन शाळेत आले. मी विसरले होते आणि त्यांना घरी बसून करायला काही नव्हतं. नववीचा लाइब्रेरी पीरियड चालू होता, डोकी गुडघ्यांवर. मी त्याआधी पोरांना एकेक चिठ्ठी दिली होती आणि आपलं नाव आणि गाव लिहायला सांगितलं होतं, कशाला तर हजेरीचा काहीतरी देखावा हवा म्हणून. चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या होत्या. बाबांनी डबा ठेवला, आणि त्यांची नजर एका चिठ्ठीवर थांबली. त्यांनी बोट ठेवलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “उकवा.”

सगळी डोकी वर आली. मला वाटलं, लागला असेल अंदाज. त्यांनी दुसरी उचलली. “लालबर्रा.” तिसरी. “हे किरनापूर.” दुर्गा पटले नावाची एक मुलगी होती, किरनापूरच्या अलीकडच्या गावची, दोन वेण्या आणि शंभर प्रश्न असलेली. ती म्हणाली, “मैडम, बाबाजी को तो पढ़ना आता है.”

“नहीं आता,” मी म्हणाले.

मी चिठ्ठीकडे आणि मग बाबांकडे बोट केलं, म्हणजे कसं कळलं? बाबा म्हणाले, “बशीच्या पाट्या हायेत ना ह्या. इतके वर्स मी काय कोन्याही बशीत बसत होतो काय?”

मी तिथेच खुर्चीवर बसले. आयुष्यभर बसस्टँडवर उभं राहून या माणसानं पाट्यांवरची नावं डोळ्यांनी पाठ केली होती, आणि मी घरी त्यांच्या मेलेल्या कानात कमळं आणि अननस कोंबत होते. दुर्गा तोवर टेबलाशी आली होती. तिनं ‘उकवा’तल्या पहिल्या अक्षरावर अंगठा ठेवला आणि भुवया उडवल्या. आता काय उरलं? बाबा वाकून बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. “कवा,” म्हणाले, आणि स्वतःच दचकले. “अवं, हे तं कवा झालं!” दुर्गानं मला विचारलं, “कवा मतलब?” मी म्हणाले, “कब.” तिला ते फार आवडलं. तिनं अंगठा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. बाबांचं तोंड इतकं उजळलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बाबा रोज डबा घेऊन येऊ लागले, मी विसरले नाही तरी. पोरं भांडायची, आज आमचं गाव. बैहरचा ह, लालबर्ऱ्याचा ल, बालाघाटचा घ. अक्षर कसं बोलतात हे कोणी सांगायचं नाही. नुसतं ज्या गावात ते राहतं तिथून उचलून दुसऱ्या शब्दात नेऊन ठेवायचं. पण हे सुख आठ-पंधरा दिवसांचं. तिवारी सर एकदा दारात येऊन उभे राहिले. “यह स्कूल है, धर्मशाला नहीं. बाहर का आदमी लड़कियों की क्लास में? कल से नहीं.” त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही हेच म्हटलं असतं. मी “जी सर” म्हणाले. बाबांना एक शब्द ऐकू आला नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकामा डबा उचलला आणि निघाले. फाटकापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दोन दिवसांनी दुर्गा माझ्या टेबलाशी आली. “मैडम, बाबाजी शाम को बस स्टैंड पर बैठते हैं. हमारी बस देर से आती है. एक किताब दे दो ना, मोटे अक्षर वाली. कल ला दूँगी.” मी म्हणाले, पुस्तकं बाहेर जात नाहीत. ती म्हणाली, “क्यों?” रद्दीत जायच्या पुस्तकांना कुलूप लावून मी पहारा करत होते. जुडगा काढला, किल्ली शोधायलाच वेळ लागला, कारण त्या कपाटाची किल्ली मी कधी वापरलीच नव्हती. दार कुरकुरलं. आत लहान मुलांची जुनी मराठी पुस्तकं होती, एकाला वाळवी लागलेली. मी चांगलं बघून एक तिच्या दप्तरात घातलं. लोक विचारतात, तुम्ही ग्रंथपाल कधी झालात? प्रमाणपत्राचा अभ्यास मी पुढे पोस्टानं केला, कागद पेटीत आहे. पण मी त्या दुपारी झाले.

संध्याकाळी मी चहाच्या टपरीआडून बघितलं. बाकावर बाबा, शेजारी दुर्गा, मांडीवर पुस्तक. गंमत अशी की दुर्गाला अक्षरं येत होती पण मराठी समजत नव्हती. बाबांना मराठी समजत होती पण अक्षरं येत नव्हती. ती शब्दावर बोट ठेवून ओठ फाकवून दाखवायची, बाबा अडखळत तो जुळवायचे, आणि जुळला की ती लगेच भुवया उडवायची, मतलब? मग बाबा हातवारे करून अर्थ सांगायचे. दोघं मिळून एक वाचक होते. हळूहळू लालबर्ऱ्याची दोन पोरं आली, मग आणखी. रोज दुपारी कपाट उघडायचं, पुस्तकं दप्तरांतून बसस्टँडवर जायची, तिथून काही गावोगावी जायची. दुर्गाच्या आजीला मराठी येत होती, ती नातीला म्हणाली, मलाही वाचून दाखव.

सरांना कळायचं ते कळलंच. त्यांनी बोलावलं. “ताला किसने खोला?”

“मैंने, सर.”

“किताब गुम हो गई तो?”

मार्च जवळ आला होता. घरी विड्यांशिवाय दुसरा आधार नव्हता. गप्प राहायला हवं होतं. पण घसा कित्येक महिने ओरडून फाटलेला, आणि माझा स्वभावही काही मवाळ नाही. मी म्हणाले, “सर, ये तो रद्दी में जानेवाली हैं. गुम होके और कहाँ जाएँगी? आप बोलते हैं आनेवाला ज़माना. मेरे बाप का आ गया सर, कान के बिना वाला. उसकी तैयारी किसी ने नहीं करवाई. इन बच्चों का कौन-सा आएगा, आपको मालूम है?” सर पाणी प्यायले. मग म्हणाले, “जो बाहर हैं, बाहर ही रहने दो. वैसे भी कमरा खाली करना है.” मी त्याच आठवड्यात सगळ्या कपाटांतली पुस्तकं बाहेर काढली. पोरांनी दप्तरं भरभरून नेली.

मला मार्चनंतर काढलं नाही. संगणक आले, त्यांच्यावर कापडी खोळी चढल्या, खोलीला कुलूप लागलं, आणि कुलपाला किल्ली सांभाळणारं माणूस हवं होतं. उरलेली पुस्तकं जिन्याखाली गेली, आणि त्या जिन्याखालीच माझी पुढची सगळी नोकरी झाली. आता मी घरी असते. नातवंडांचा फोन कोणतंही पान घडाघडा वाचून दाखवतो आणि ती म्हणतात, आता वाचायला कशाला शिकायचं? मी त्यांना बाबांचं सांगते. ती ऐकतात, मग पुन्हा फोनकडे वळतात.

पण हे पुढचं झालं. त्याच वर्षी थंडी सरता सरता एका सकाळी मायच्या हातून घमेलं पडलं, फरशीवर, बाबांच्या अगदी मागे. ते वळले नाहीत. माय जागच्या जागी खाली बसली. मी कादंबरी काढली, खुणेला घातलेलं तेंदूचं पान बाजूला केलं, तोंड कानाला लावून जीव खाऊन ओरडले, “धाकला भाऊ नावेत बसला!” बाबांनी मान हलवली, आणि तळव्यानं माझा चेहरा हळूच बाजूला केला. कान गेले होते. दोन भावांची गोष्ट अर्ध्यात राहिली होती, आणि बाबांना तेव्हा जेमतेम लहान पोरांच्या पुस्तकातल्या दोन-दोन ओळी येत होत्या. मी हरले होते. मी कादंबरी फळीवर ठेवून दिली. बाबांनी बसस्टँडवर जाणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून बसायचे, जेवायला खांद्याला हात लावून सांगावं लागायचं. घरात इतकी शांतता आम्ही कधी पाहिली नव्हती. मायची कात्री चालायची आणि ती मला ऐकवायची नाही.

एका दुपारी दुर्गा घरी आली, विचारत विचारत. दारात चपला काढल्या, बाबांच्या समोर बसली आणि पुस्तक उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी मिटलं. तिनं उघडलं. बाबांनी मिटलं. तिनं उघडलं, एका शब्दावर बोट ठेवलं आणि भुवया उडवल्या. ते शिकवणं नव्हतं, तिला खरंच अडलं होतं. बाबा बघत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. “चिखल,” ते म्हणाले. भुवया खाली येईनात. बाबा उठले, न्हाणीच्या मोरीपाशी गेले आणि तिथला गाळ बोटावर घेऊन तिला दाखवला. “कीचड़!” दुर्गा ओरडली. तिनं पुढच्या शब्दावर बोट ठेवलं. बाबांनी बोट लुगड्याच्या चिंधीला पुसलं आणि तिच्या शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बसस्टँडवर गेले.

ऊन तापायला लागलं होतं. रविवार होता. माय पानं कापत होती, मी तांदूळ निवडत होते. बाबांनी फळीवरची कादंबरी काढली. आम्हाला वाटलं धूळ झटकायला. ते भिंतीला टेकले, पाय लांब केले, तेंदूचं पान बाजूला ठेवलं, ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागले. मोठ्यानं. आमच्या घरात दुसऱ्या तऱ्हेनं कोणी वाचलंच नव्हतं. आवाजाला चढ नाही, उतार नाही, शब्द मधेच तुटलेले, जोडाक्षर आलं की त्याला वळसा घालून पुढे. “धा-क-ला. भाऊ. ना-वे-त.” एका ओळीला किती वेळ लागला सांगता येत नाही. मायची कात्री थांबली. काकू दारात आल्या, तोंडात काहीतरी तयार होतं त्यांच्या, पण त्या उंबऱ्यावर टेकल्या. बाबांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांचं वाचन आम्ही ऐकत होतो.

पान संपलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी मान वर केली. “बरोबर वाचलो काय वं?”

“हौ!” मी ओरडले, जुन्या सवयीनं, चार घरं जाईल अशा आवाजात. ते माझ्याकडे तसेच बघत राहिले. मग मी तांदळाचं सूप खाली ठेवलं, कोपऱ्यातली पाटी घेतली आणि तिच्यावर लिहिलं.

बाबांनी पाटी हातात घेतली, अक्षरावर बोट ठेवलं. “हौ,” म्हणाले, आणि पान उलटलं.